परदेशी अदलाबदल कार्यक्रमाहून परतलेल्या सोशल वर्करचं पुढे काय होतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकला बालसंरक्षणाच्या क्षेत्रात आहे, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यापासून हेच काम करतेय. हल्ली बरेच जण व्यक्तिगत निरोप पाठवून विचारतात, सोशल वर्कर लोकांसाठीच्या परदेशी एक्स्चेंज प्रोग्रामला जावं का, खर्च किती येतो, निवड कशी होते. ही माहिती शोधली की मिळते. सापडत नाही ते वेगळंच: जाऊन आल्यावर कामाकडे आणि स्वतःकडे बघायची नजर कशी बदलते, आणि इथल्या रगाड्यात तो बदल तग धरतो का. त्यावर मोकळेपणी बोलता यावं म्हणून हा धागा.

मी कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल फेलोशिपमार्फत जर्मनीला गेले होते. भारतातही या कौन्सिलची शाखा आहे. हिची मुळं माहीत असावीत असं मला वाटतं. हेन्री ओलेनडॉर्फ हे जर्मन ज्यू वकील. नाझींचा तुरुंग भोगून १९३८ मध्ये अमेरिकेत पोचले, तिथे समाजकार्य शिकले आणि पुढे क्लीव्हलंडच्या वस्त्यांत काम करू लागले. १९५६ मध्ये त्यांनी परदेशातल्या युवक-कार्यकर्त्यांना आणि सोशल वर्करना पहिल्यांदा क्लीव्हलंडला बोलावलं, तेही जर्मनीतून. महायुद्ध संपून जेमतेम दहा वर्षं झाली होती. पाहुण्यांनी हॉटेलात नाही, गावातल्या कुटुंबांत राहायचं, संस्था बघायच्या आणि मग एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायचं, ही घडी त्यांनी बसवली. त्यातून परतलेल्यांनी १९६० मध्ये ही कौन्सिल उभी केली. ज्या देशानं आपल्याला हाकललं तिथल्याच तरुणांना घरात जेवायला बसवणारा माणूस या कल्पनेच्या मुळाशी आहे, हे मी तिथे असताना पुन्हा पुन्हा आठवत होते.

आता मुद्द्याचं. जाताना वाटलं होतं की नवनवीन पद्धती शिकून येईन. प्रत्यक्षात पद्धती थोड्याच आणल्या. युगेंडआम्ट म्हणजे तिथलं बालक-युवकांचं सरकारी कार्यालय. मुलाला दीर्घकाळ मदत लागणार असेल तर आई-वडील, मूल आणि कार्यकर्ते यांनी एकत्र बसून मदतीचा आराखडा ठरवायचा आणि मधूनमधून पुन्हा बसून तो तपासायचा, असं तिथे कायद्यातच आहे. अशा एका बैठकीला मला बसू दिलं. आई व्यसनातून बाहेर पडत होती. आराखड्यातलं एक वाक्य वाचून ती थांबली आणि म्हणाली, हे असं लिहू नका, मी बेजबाबदार नव्हते, मी आजारी होते. वाक्य तिच्यासमोर खोडलं, तिला विचारून नवं लिहिलं. आपल्याकडे बालकल्याण समितीपुढे आई हात जोडून उभी असते आणि आमचा सामाजिक तपासणी अहवाल तिच्याबद्दल परस्पर बोलत असतो. त्या दिवसापासून मी अहवाल लिहिताना हे त्या बाईला वाचून दाखवता येईल का, असं स्वतःला विचारते. दाखवता येणार नसेल तर ते वाक्य पुराव्यासकट लिहिते, नाहीतर काढते.

दुसरी गोष्ट सहकाऱ्यांच्या सल्लाबैठकीची, 'कॉलेगियाले बेराटुंग' म्हणतात तिला. पाच-सहा सहकारी, तासभर वेळ, साहेब कोणीच नाही. एकीनं आपली अडलेली केस मांडायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा. मग तिनं खुर्ची थोडी मागे घ्यायची आणि गप्प बसायचं. बाकीचे तिच्या केसवर आपसांत बोलतात, ती फक्त ऐकते. मध्ये स्पष्टीकरण नाही, 'नाही, पण तसं नव्हतं' नाही. शेवटी तीच सांगते की यातलं मी काय घेऊन जाते. मी पाहिलेल्या बैठकीत केसमधल्या एका मुलाला त्याच्या घरातून काढावं लागलेली एक कार्यकर्ती होती, वीस वर्षांचा अनुभव असलेली. तिनं केस मांडली, खुर्ची मागे घेतली आणि ऐकता ऐकता रडली. कोणी दचकलं नाही. रुमाल पुढे केला आणि बोलणं चालू ठेवलं. कामाचा शीण हा आपल्या स्वभावाचा कच्चेपणा असतो असं मी तोपर्यंत धरून चालले होते. तो कामाचा भाग आहे आणि त्याची सोय संस्थेनं करायची असते, हे मला त्या खोलीत कळलं.

घरातही बदल झाला. 'एक धपाटा दिला की सरळ येतो' हे आमच्याकडे चार माणसांत सहज बोललं जायचं. जर्मनीत २००० पासून मुलांना हिंसेविना वाढण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि माझ्या यजमान घरातली आजी सांगायची की तिच्या लहानपणी पट्टा भिंतीलाच टांगलेला असायचा. म्हणजे तेही कायम तसे नव्हते, एका-दोन पिढ्यांत बदलले. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पण नातवासमोर ते वाक्य नंतर कधी आलं नाही.

परतल्यावरचं मात्र कडू आहे. कार्यालयानं फोटो मागितले, दोन पानी अहवाल मागितला, एक सादरीकरण झालं, चहा-बिस्किटं झाली. पंधरा दिवसांतून एक तास सल्लाबैठकीला द्या म्हटल्यावर उत्तर आलं, तेवढ्यात दोन गृहभेटी होतात. शेवटी वेगवेगळ्या संस्थांतल्या आम्ही काही जणींनी शनिवारी एकीच्या घरी बसायला सुरुवात केली. ते अजून चालू आहे, पण ते आमच्या रजेच्या वेळेत आणि आमच्या रिक्षाभाड्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे: या कार्यक्रमांचा महत्त्वाचा अर्धा भाग परतल्यावर सुरू होतो आणि त्याची तजवीज ना पाठवणारा करतो, ना बोलावणारा. त्यामुळे बदललेला माणूस जुन्याच खुर्चीत घुसमटतो, नाहीतर खुर्ची सोडून जातो. तुमचे अनुभव लिहा. गेलेल्यांचे, न गेलेल्यांचे, पाहुणे ठेवून घेतलेल्यांचेही.

निशिगंध_११

खूप आतून लिहिलंय. रडणाऱ्या कार्यकर्तीपाशी मीही थांबले. वाचतेय.

काठावरचा

चांगला विषय. मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवतो, म्हणून थोडी मागची बाजू.

आपल्याकडचं समाजकार्याचं शिक्षणच मुळात अशा देवघेवीतून आलेलं आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनचे. त्यांनी १९२० च्या दशकात मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस चालवलं. लंडनचं टॉयन्बी हॉल १८८४ चं, शिकागोचं हल हाऊस १८८९ चं. गरीब वस्तीत जाऊन राहायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं, ही तिथली कल्पना भायखळ्याच्या गल्ल्यांत आली. १९३६ मध्ये त्याच नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, मॅनशार्ट पहिले संचालक. आजची टीआयएसएस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) ती हीच.

पण त्याच्याही आधी आपली माणसं जाऊन आली होती आणि त्यांची जाण्याची रीत वेगळी होती. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, ते धर्म शिकायला. १९०३ मध्ये परतले आणि १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्य समाजांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. पंडिता रमाबाई अमेरिकेत बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकल्या आणि १८८९ मध्ये परतून मुंबईत शारदा सदन उघडलं. धोंडो केशव कर्वे तर त्या वेळी कुठे गेलेही नव्हते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये इथे महिला विद्यापीठ उभं राहिलं. या तिघांकडेही जाण्याआधी, किंवा वाचण्याआधी, स्वतःचा प्रश्न पक्का होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच विचारतो: तू कुठला प्रश्न घेऊन चाललायस? उत्तर 'एक्स्पोजर' असं आलं की मी शिफारसपत्र लांबणीवर टाकतो.

आणखी एक. समाजकार्याचे अभ्यासक जेम्स मिजली यांनी १९८१ मध्येच सांगितलं होतं की पाश्चात्त्य समाजकार्य जसंच्या तसं तिसऱ्या जगावर लादणं हा व्यावसायिक साम्राज्यवाद आहे. आमच्या अभ्यासक्रमात एकेका व्यक्तीवर केंद्रित केसवर्क अमेरिकेतून आलं आणि जात मात्र कित्येक वर्षं एका प्रकरणापुरती उरली. २०१४ मध्ये मेलबर्नला समाजकार्याची नवी जागतिक व्याख्या मंजूर झाली तेव्हा कुठे स्थानिक, आदिवासी समाजांचं ज्ञान या व्यवसायाचा पाया म्हणून त्यात आलं.

माळरान

रानजाई, तुमचं लिखाण प्रामाणिक आहे, पण मला एक सलतं ते बोलतो. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करतो. आमच्या संस्थेत एक ताई आहेत. बारावी शिकलेल्या, तांड्यातांड्यावर पायी फिरणाऱ्या. मुकादम कधी उचल देतो, कुठल्या घरातली मुलगी यंदा कोयता घेऊन जाणार आणि कुठली आजीजवळ राहणार, हे त्यांना कागदाशिवाय माहीत असतं. त्या कधीही कुठल्या एक्स्चेंजला जाणार नाहीत. फॉर्म इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, पासपोर्ट नाही, विमानाचं तिकीट बऱ्याचदा स्वतःचं. जाणार कोण, तर प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. तो परत येतो, सहा महिन्यांत त्याचा सीव्ही जड होतो आणि तो दिल्लीला एखाद्या फंडिंग एजन्सीत लागतो. मग तोच आमच्याकडे लॉगफ्रेम, म्हणजे उद्दिष्टं आणि निकालांचा तक्ता, मागायला येतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तेव्हा ओळख बदलते ती कोणाची? ज्यांची आधीच कागदावर आहे त्यांची. जामखेड आमच्यापासून जवळ. तिथे रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, दोघंही अमेरिकेत शिकून आलेले. पण मोठी गोष्ट पुढे झाली. गावातल्या बायका, त्यांतल्या कितीतरी दलित आणि निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, आणि नंतर जगभरातून डॉक्टर-कार्यकर्ते तिथे शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांच्यापुढे उभं राहून शिकवणाऱ्यांत या बायका होत्या. मला असली अदलाबदल हवी आहे. आमच्या ताईंकडे कोणीतरी शिकायला यावं.

भीमाकाठ

माळरान यांचं पटतं, तरी मी जाऊन आलोय आणि त्या जाण्यानं मला काही दिलंय, म्हणून लिहितो.

मी सोलापूरचा, विमुक्त समाजातला. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आमच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये माझ्या आजोबांनी रोज हजेरी दिली. १९५२ मध्ये कायदा गेला, पोलीस चौकीची सवय गेली नाही. मी आज पारधी वस्त्यांवर काम करतो. कुठल्याही कार्यालयात गेलो की समोरचा आधी नाव विचारतो, मग आडनाव, मग गाव, आणि तिसऱ्या उत्तराला त्याचा आवाज बदलतो. पदवी दाखवली तरी तो आवाज पूर्ववत होत नाही.

मला आयर्लंडला जायची संधी मिळाली. विमानतळापासून पुढे माझं आडनाव कोणाला काही सांगेना. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. अर्थात कातडीचा रंग सांगत होता, बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची तेव्हा कळायचं. पण मी गेलो होतो ते ट्रॅव्हलर समाजात चालणाऱ्या कामासाठी. हे आयर्लंडचे भटके लोक. पूर्वी गाड्या घेऊन फिरायचे, कथिलकाम, घोड्यांचा व्यवहार. सरकारनं त्यांना वेगळा वांशिक समूह म्हणून मान्यता दिली ती २०१७ मध्ये. त्यांच्यातली एक कार्यकर्ती मला म्हणाली की भाड्याचं घर फोनवर ठरतं, आणि आडनाव सांगितलं की घर 'आत्ताच गेलं' म्हणतात. मी तिला सोलापूरचं सांगितलं. दुभाषा नव्हता, माझं इंग्रजी बेताचं, तिचा उच्चार मला अवघड. पण त्या संध्याकाळी आम्हाला एकमेकांचं सगळं समजलं.

तिच्याकडून मी एक गोष्ट घेतली. ती स्वतःच्या समाजाची असणं ही कमतरता मानत नव्हती, तीच तिची पात्रता होती. संस्थेत ट्रॅव्हलर आणि बाहेरचे, दोघं एकत्र निर्णय घेत. मी तोवर 'व्यावसायिक' दिसावं म्हणून वस्तीतलं नातं लपवून अंतर ठेवून बोलायचो. कॉलेजात वस्तुनिष्ठ राहा असं शिकवलं होतं. आता मी बैठकीत सांगून टाकतो की मी तुमच्यातलाच आहे, आणि कलेक्टर कचेरीतही सांगतो. आडनाव विचारायच्या आधी सांगतो. समोरच्याचा आवाज बदलायचा तो बदलतो, पण माझा बदलत नाही.

निशिगंध_११

भीमाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहिलंत त्याबद्दल आभार.

सातासमुद्र

मी मूळची सातारची, सध्या इंग्लंडमधल्या लीड्समध्ये मुलांच्या सेवेत सोशल वर्कर. एक्स्चेंजवर आले नाही, नोकरीवर आले, तेव्हा माझं थोडं वेगळं आहे. एक्स्चेंजवाल्याला परतीची तारीख माहीत असते, त्यामुळे तो पाहुण्याच्या नजरेनं बघू शकतो. मला इथली व्यवस्था अंगावर चढवावी लागली.

सगळ्यात मोठा धक्का ओळखीचा होता. साताऱ्यात मी वस्तीत गेले की लोक खुर्ची पुढे करायचे, रेशनकार्डाचं विचारायचे, मी पगार घेते म्हटलं की थोडे नाराज व्हायचे, कारण चांगलं काम फुकट करतात असा समज. इथे मी दार वाजवलं की आईचा चेहरा पांढरा पडतो. सोशल वर्कर म्हणजे मूल नेणारी. ती सत्ता माझ्या हातात खरोखरच आहे, न्यायालयाच्या मार्फत का होईना. इंग्लंडमध्ये 'सोशल वर्कर' ही पदवी २००५ पासून कायद्यानं राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. चूक झाली तर नोंदणी जाते. भारतात आमच्या व्यवसायाला अशी परिषदच नाही. मान मिळतो, उत्तरदायित्व नाही. इथे उत्तरदायित्व आहे आणि लोकांचं प्रेम नाही. मला दोन्ही एकत्र कुठेच मिळालेलं नाही.

नॉर्वेत स्टाव्हांगरला २०११ मध्ये तिथल्या बालसंरक्षण खात्यानं एका भारतीय जोडप्याची मुलं ताब्यात घेतली तेव्हा इथले सहकारी मला विचारायचे, हाताने भरवणं, मुलांना शेजारी घेऊन झोपणं हे तुमच्याकडे नेहमीचं का? आणि घरून फोन यायचे, तुम्ही लोक मुलं पळवता का? दोन्हीकडची उत्तरं देताना मला कळलं की मी आता दोन्हींच्या मधे उभी आहे, आणि ती जागा वाईट नाही. दोघांनाही जे दिसत नाही ते तिथून दिसतं.

एक उदाहरण देते. लीड्समध्ये फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स फार वापरतात. मुलाबाबत निर्णय घ्यायचा तर नात्यागोत्यातल्या सगळ्यांना बोलवायचं, जेवण ठेवायचं, माहिती द्यायची आणि मग अधिकाऱ्यांनी खोलीबाहेर जायचं. कुटुंब एकटं बसून योजना करतं. ही पद्धत न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरींची. त्यांची मुलं सरकारी संस्थांत भरली जात होती, त्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला आणि १९८९ च्या तिथल्या कायद्यात ही बैठक आली. तिथून ती युरोपभर पसरली. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आमची भावकीची बैठक आठवली. साताऱ्यात हे का करू नये?

माळरान

सातासमुद्र, करू नये असं नाही, पण जपून. भावकीच्या बैठकीत कोण बोलतं ते तुम्हालाही माहीत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीनं लग्नाला नकार दिलाय आणि आपण तिच्या चुलत्यांना, मामांना जमवून अधिकारी बाहेर गेले, तर आत काय होईल? आमच्याकडे काही समाजांत जातपंचायत अजून दंड करते, वाळीत टाकते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये खास कायदा करावा लागला तो उगाच नाही. माओरींच्या बैठकीत त्यांचं हिरावलेलं बळ त्यांना परत मिळालं. इथे ज्याच्याकडे बळ आहे त्यालाच आणखी मिळेल.

भीमाकाठ

सहमत. आमच्या वस्तीत मुलीची आजी आणि मावशी आधी वेगळ्या बसवल्या, मुलीला तिच्या पसंतीचं एक माणूस बरोबर दिलं, तरच असं काही होऊ शकतं. आणि अधिकारी दाराबाहेर हवा, गावाबाहेर नको.

सातासमुद्र

हे मला लिहून ठेवायला हवं. इथेही घरात हिंसा असेल तर कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, यावर आधी बरीच तयारी होते, पण जातपंचायतीचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. खरंच धन्यवाद.

काठावरचा

एक दुरुस्ती. भारतात सर्वसाधारण सोशल वर्करसाठी वैधानिक परिषद नाही हे बरोबर. पण संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला त्याच्या यादीत वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले सोशल वर्कर आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मनोविकार क्षेत्रातल्या सोशल वर्करची व्याख्या आहे. म्हणजे सुरुवात दवाखान्यातून झालेली आहे. बालसंरक्षण, वस्तीकाम यांची वेळ अजून यायची आहे.

गोधडी

मी निवृत्त आहे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. परदेशी कधी गेले नाही, पण पाहुणी ठेवून घेतली होती, म्हणून रानजाईच्या शेवटच्या ओळीला उत्तर देते.

रोटरीचा ग्रुप स्टडी एक्स्चेंज असायचा. १९६५ पासून चालू होता, २०१३ मध्ये बंद झाला. रोटरीचे सभासद नसलेले पंचविशी ते चाळिशीतले नोकरदार लोक चार-सहा आठवड्यांसाठी दुसऱ्या देशात जायचे, घरोघरी राहायचे आणि आपापल्या व्यवसायाची कामं बघायचे. आमच्याकडे डेन्मार्कची एक मुलगी आली. ती म्हाताऱ्या माणसांच्या सेवेत काम करायची. सकाळी माझ्याबरोबर वॉर्डात यायची, मुकाट्यानं उभी राहायची.

एकदा कर्करोगाचा एक पेशंट होता. शेतकरी, साठीचा. मुलगा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, दादांना सांगू नका, हाय खातील. मी मान हलवली, आमच्याकडे हीच रीत. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, त्यांना काय हवंय हे त्यांना कोणी विचारलं का? टोचून नाही विचारलं, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांशेजारी बसले आणि म्हटलं, तुमच्या दुखण्याचं तुम्हाला किती ऐकायचंय आणि ऐकताना जवळ कोण हवं? ते म्हणाले, सगळं ऐकायचंय, पोरगं जवळ नको, त्याला रडू येतं. बाप पोराला जपत होता आणि पोरगं बापाला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत हा प्रश्न मी प्रत्येक मोठ्या आजाराच्या पेशंटला विचारत आले. कुणी म्हणायचं, मला काही सांगू नका, मुलीला सांगा. तेही मग त्याच्याच मर्जीनं व्हायचं.

तीही काही घेऊन गेली. वऱ्हांड्यात चटया टाकून झोपलेले नातेवाईक, शेजारच्या पेशंटला आपल्या डब्यातली भाकरी देणाऱ्या बायका, हे तिनं वहीत लिहून घेतलं. तिच्याकडे म्हातारं माणूस स्वच्छ खोलीत एकटं जातं, असं म्हणाली. पुढे तिनं पत्रातून कळवलं की त्यांच्याकडे शेजाऱ्यांना भेटीची वेळ वाढवून दिली. तेव्हा घर उघडं ठेवलं तरी माणूस बदलतो, विमानात बसावंच असं नाही. माळरान यांच्या ताईंकडे पाहुणी पाठवण्याचं कोणीतरी मनावर घ्यावं.

नवी_पालवी

मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. पास झाल्या झाल्या अर्ज करू का? घरचे म्हणतात अनुभवात भर पडेल. आणि परदेशातून आपल्याकडे येणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे लागू आहे का? आमच्या फील्डवर्कच्या संस्थेत जर्मन स्वयंसेवक येतात.

रानजाई

नवी_पालवी, आधी काही वर्षं इथे काम कर. मला त्या बैठकीतलं खोडलेलं वाक्य दिसलं, कारण तसली वाक्यं मी स्वतः वर्षानुवर्षं लिहीत होते. हात कोरे असताना गेलीस तर सगळंच छान दिसेल. बहुतेक कार्यक्रमांना अनुभवाची अटही असते.

जर्मन मुलं येतात ती बहुधा त्यांच्या सरकारच्या वेल्टवेर्ट्स योजनेतून, २००८ पासून चालू आहे. शाळा संपवून वर्षभर येतात. त्यांना कामाचा अनुभव नसतो, त्यामुळे ती शिकायला आलीत हे संस्थेनं स्पष्ट ठेवावं, संस्थेतल्या लहान मुलांच्या खोलीत त्यांना एकटं सोडू नये. याच योजनेत आपल्याकडच्या तरुणांना तिकडे जाण्याची बाजूही नंतर जोडली गेली. तुझ्या वयाला ती जास्त जुळेल.

माळरान, तुमचं बोलणं मी मनावर घेतलंय. इंग्रजीची अट आणि तिकिटाचा खर्च ही दोन दारं उघडल्याशिवाय हे कार्यक्रम ठरावीक लोकांचेच राहतील, यात वाद नाही. पण आपल्याकडून बाहेर गेलेलंही बघा. १०९८ ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी टीआयएसएसमधून सुरू केली, रस्त्यावरच्या मुलांना हाताशी धरून. २००३ मध्ये त्यांनीच ॲमस्टरडॅमला चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल उभी केली. मी जर्मनीतल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते माहीतच नव्हतं. आपण जाताना हे सोबत न्यायला हवं, फक्त साडी आणि पुरणपोळी नाही.

आणि ज्यांचं जाणं ठरलंय त्यांच्यासाठी: निघण्याआधी कार्यालयाकडून लेखी घ्या की परतल्यावर महिन्याचे किती तास, कोणत्या कामासाठी आणि कोणाबरोबर मिळतील. तोंडी आश्वासन सादरीकरणाच्या चहाबरोबर संपतं.

माळरान

चाइल्डलाइनचं मान्य. आमच्या ताईंना तुमची ती खुर्ची मागे घ्यायची बैठक वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे आम्ही चार जणी एसटी स्टँडवर करतोच, फक्त सगळ्या एकदम बोलतो. त्यांना करून बघायचंय. मराठीत टप्पे लिहून द्याल का? कारखाने सुरू झाले की कोणी सापडणार नाही, दसऱ्याच्या आत लागेल.

रानजाई

लगेच देते. पाच ते सात जणी पुरेत. एकीनं घड्याळ बघायचं आणि कोणी मध्ये बोललं तर थांबवायचं, एवढंच तिचं काम. केस मांडणारीला दहा मिनिटं, नावं-गावं बदलून. शेवटी तिनं प्रश्न एका वाक्यात विचारायचा. 'काय करू' असा नाही, 'मुकादमाशी मी एकटीनं बोलावं का' असा नेमका. मग पाच-दहा मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न, सल्ला नाही. त्यानंतर तिनं खुर्ची किंवा चटई मागे घ्यायची आणि वीस मिनिटं तोंड बंद. बाकीच्यांनी तिच्याकडे न बघता आपसांत बोलायचं: मला काय वाटलं, मी असते तर काय केलं असतं, कोणाची बाजू अजून आलीच नाही. शेवटची पाच मिनिटं तिची. ती जे घेईल ते तिचं, इतरांनी पटवायला जायचं नाही. पहिल्या एक-दोन वेळा गप्प बसणं फार जड जातं, तेवढं ताईंना आधीच सांगून ठेवा. आणि एसटी स्टँड नको. दार लावता येईल अशी खोली बघा, शाळेची चालेल.